पंचेचाळिशीतला मध्यमगती

या वर्षीच्या अंकासाठी संपादकांनी ‘निवृत्ती’ हा विषय ठरवला आणि खेळाच्या बाजूने लिहायचं काम माझ्याकडे आलं. सोबत अपेक्षित नावंही आली. गावसकर, सचिन, धोनी. हे तिघे वेळेवर थांबले की नाही, यावर आपल्याकडे रिक्षावाल्यापासून निवृत्त न्यायाधीशापर्यंत प्रत्येकाचं मत तयार आहे. त्यात माझी भर कशाला? मी म्हटलं, डॅरन स्टीव्हन्सवर लिहितो. ‘हा कोण?’ असं त्यांनी विचारलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

स्टीव्हन्स इंग्लंडकडून एकही सामना खेळला नाही. १९९७ ते २०२२ या काळात तो आधी लेस्टरशर आणि नंतर केंट या कौंट्यांकडून खेळला. प्रथम श्रेणीत सोळा हजारांहून अधिक धावा आणि सहाशेला थोडे कमी बळी. आकडे भरघोस आहेत, पण अशा आकड्यांची माणसं इंग्लंडात पूर्वी पुष्कळ होऊन गेली. गंमत वेगळीच आहे. यातले बहुतेक बळी त्याने वयाच्या पस्तिशीनंतर घेतले. ज्या वयात बाकीचे गोलंदाज गुडघ्यांना बर्फ लावून समालोचनाचं काम शोधू लागतात, त्या वयात हा गडी खऱ्या अर्थाने गोलंदाज झाला. त्रेचाळिसाव्या वर्षी त्याला ‘आता पुरे’ असं कळवण्यात आलं, तर त्याने कळवणाऱ्यांनाच निर्णय फिरवायला लावला.

हे घडतं कसं, ते पाहायला मी मे महिन्यात कँटरबरीला गेलो. स्टीव्हन्स आता तिथे खेळत नाही. पण ज्या हवेत, ज्या चेंडूवर आणि ज्या रिवाजांत असा खेळाडू तयार होतो, ते सगळं अजून तिथे आहे. किती दिवस राहील, हा प्रश्न आहे.

सीमारेषेच्या आतलं झाड

केंटचं सेंट लॉरेन्स मैदान १८४७ पासून वापरात आहे. गावातून ओल्ड डोव्हर रोडने चालत गेलं की वीसेक मिनिटांत फाटक येतं. एका कडेला नवे फ्लॅट उभे राहिले आहेत. क्लबच्या तिजोरीला टेकू म्हणून मैदानाच्या कडेची जमीन विकण्याची वेळ इंग्लंडातल्या अनेक कौंट्यांवर आली, तशी केंटवरही आली. बाकी मैदान उघडं, हिरवं आणि एका बाजूला चक्क उतरतं. प्रेक्षकांच्या मोटारी सीमारेषेला तोंड करून उभ्या केलेल्या. पाऊस आला की मंडळी मोटारीत शिरून काचेतून सामना बघतात.

या मैदानावर सीमारेषेच्या आत लिंडनचं एक झाड होतं. दोनशे वर्षांचं म्हणायचे. मैदान आखलं तेव्हा ते उभंच होतं, मग त्याला तोडायचं कशाला, असा साधा विचार तेव्हा झाला असावा. नियमच केला: चेंडू झाडाला लागला की चौकार. झाडावरून चेंडू पलीकडे टाकणारे फलंदाज मोजकेच. वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन त्यांतला पहिला, १९२८ साली. पुढे १९९२ मध्ये कार्ल हूपरने ते साधलं. जानेवारी २००५ च्या वादळी वाऱ्यात झाड मोडून पडलं आणि त्याच्या जागी एक कोवळं झाड लावलं गेलं. योगायोग असा, की त्याच उन्हाळ्यात लेस्टरहून स्टीव्हन्स इथे आला. नवं झाड आणि नवा खेळाडू यांची वाढ बरोबरच झाली म्हणायची. फरक एवढाच, की खेळाडू आला तेव्हाच एकोणतीस वर्षांचा होता.

मी बसलो होतो त्या बाजूला प्रेक्षक जेमतेम दीड-दोनशे. बहुतेकांची पेन्शन सुरू झालेली. मांडीवर शाल, पायाशी थर्मास, हातात धावफलकाचा छापील कागद आणि पेन्सिल. प्रत्येक बळी ते स्वतःच्या हाताने नोंदतात. मोबाइलवर तेच सगळं फुकट उपलब्ध आहे, याचं त्यांना काही वाटत नाही. मी भारतातून आलोय म्हटल्यावर पहिला प्रश्न राहुल द्रविडबद्दल आला. द्रविड २००० साली इथे एक मोसम खेळला होता आणि त्याची सभ्यता अजून यांच्या लक्षात आहे. दुसरा विषय मी काढला. ‘स्टीव्हो’ हे नाव उच्चारल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या दोन टोप्या मागे वळल्या.

फलंदाज म्हणून आलेला

स्टीव्हन्सचा जन्म ३० एप्रिल १९७६ चा, लेस्टरचा. लेस्टरशर ही छोटी कौंटी, पण त्या काळी तिचे दिवस बरे होते. १९९६ आणि १९९८ अशी दोनदा तिने कौंटी अजिंक्यपद पटकावलं. त्या संघात स्टीव्हन्स मधल्या फळीतला फलंदाज म्हणून शिरला. फटके देखणे, ताकद भरपूर, आणि सातत्याच्या नावाने बोंब. असा एकतरी खेळाडू आपल्या प्रत्येक रणजी संघात असतो. ‘याच्यात काहीतरी आहे’ असं म्हणत निवड समिती त्याला चार-पाच वर्षं सांभाळते आणि मग एक दिवस कंटाळते. लेस्टरमध्ये असताना त्याने गोलंदाजी जवळपास केलीच नाही. प्रथम श्रेणीतले बळी हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच.

इथे कौंटी क्रिकेटची रचना थोडक्यात सांगायला हवी. १८ कौंट्या, आता दोन श्रेणींत विभागलेल्या. अधिकृत अजिंक्यपद १८९० पासूनचं. एप्रिल ते सप्टेंबर मोसम, चार-चार दिवसांचे १४ सामने, अधूनमधून टी-ट्वेंटी आणि एकदिवसीय. आपल्या रणजीत खेळाडू सहसा आपल्या राज्याकडून खेळतो आणि पोटापाण्याची नोकरी बहुतेकदा दुसरीकडे असते. इंग्लंडात कौंटी हीच त्याची कंपनी. तीच त्याला पगार देते, तीच कराराचं नूतनीकरण करते किंवा करत नाही. एका कौंटीने नको म्हटलं तर दुसरीकडे अर्ज. २००४ च्या मोसमाअखेर स्टीव्हन्सने लेस्टर सोडलं आणि केंटने त्याला घेतलं.

केंटमध्ये तो आधी धावांसाठी ओळखला गेला. २००७ च्या टी-ट्वेंटी अंतिम सामन्यात ग्लॉस्टरशरविरुद्ध शेवटच्या षटकात विजयी फटका त्याचाच होता. गोलंदाजी हळूहळू आली. कधी मुख्य गोलंदाज जखमी, कधी कर्णधाराला दोन षटकं काढून हवीत, म्हणून चेंडू त्याच्याकडे फेकला जायचा. दोन षटकांची सहा झाली, सहाची बारा. क्लबकडे पैसे कमी होते, मोठी नावं परवडत नव्हती, आणि जो माणूस फलंदाज म्हणून पगार घेतोय तोच बळीही काढतोय, हे व्यवहाराच्या दृष्टीने कोणाला नको होईल? केंटची तिजोरी भरलेली असती, तर हा गोलंदाज कदाचित झालाच नसता.

ताशी ११३ किलोमीटर

त्याच्या चेंडूचा वेग साधारण ताशी ७० मैलांच्या आतबाहेर, म्हणजे ११३ किलोमीटर. बुमराहच्या चेंडूहून ताशी तीस किलोमीटरने कमी. आपल्या मैदानांवर या वेगाच्या गोलंदाजाला आठवडी बाजारात नेऊन सोडतील. मग कँटरबरीत काय वेगळं होतं?

पहिली गोष्ट खेळपट्टी. मी गेलो त्या दिवशी सीमारेषेवरून बघताना खेळपट्टी कुठे संपते आणि बाकीचं मैदान कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं. दोन्ही सारखीच हिरवी. एप्रिल-मे महिन्यांत जमिनीत ओल असते आणि सकाळी अकराला ढग इतके खाली येतात, की दिव्यांच्या खांबांची टोकं धूसर दिसावीत. दुसरी गोष्ट ड्यूक्स चेंडू. तो पूर्ण हाताने शिवलेला असतो, शिवण ठसठशीत उभी राहते आणि लाखेचा थर जाड असल्याने चकाकी बराच काळ टिकते. ऑस्ट्रेलियाच्या कूकाबुरा चेंडूची शिवण वीसेक षटकांत दबून जाते. ड्यूक्सची दुपारच्या चहापर्यंत बोटाला लागते.

शिवण उभी ठेवून टाकलेला चेंडू अशा ओलसर गवतावर पडला, की तो कुठे वळेल ते गोलंदाजालाही नेमकं ठाऊक नसतं. त्याला फक्त शिवणीवर टप्पा पाडायचा असतो. पुढची करामत जमिनीची. वेग फार असेल तर चेंडू वळून फलंदाजाच्या बॅटीपासून लांब जातो, बॅट चुकते, लोक ‘अरेरे’ करतात आणि पुढचा चेंडू. वेग कमी असेल तर चेंडू इंच-दीड इंचच हलतो. बॅटीची कड घ्यायला किंवा पॅडवर आदळायला तेवढंच पुरतं.

तिसरी गोष्ट यष्टिरक्षक, आणि खरी मेख तिथे आहे. मी पाहिलेल्या सामन्यातही केंटचा एक मध्यमगती गोलंदाज आला तसा यष्टिरक्षक पुढे सरकून थेट यष्ट्यांमागे येऊन बसला. मंद गोलंदाजाला फलंदाजाचा सोपा उपाय म्हणजे क्रीजच्या बाहेर दोन पावलं पुढे उभं राहायचं. म्हणजे चेंडूला हलायला जागा मिळत नाही, आणि पॅडवर लागला तरी यष्ट्या इतक्या दूर, की पंच बोट वर करायला कचरतात. यष्टिरक्षक पुढे आला की हा उपाय बंद. पाय बाहेर राहिला तर यष्टिचीत. फलंदाज मुकाट्याने क्रीजमध्ये परत जातो आणि तिथे त्याला पायचीत करायला गोलंदाज मोकळा. स्टीव्हन्सला केंटचे यष्टिरक्षक वर्षानुवर्षं असेच पुढे येऊन घेत. हेल्मेट घालून, बॅटीपासून हातभर अंतरावर बसून, दोन्ही बाजूंना हलणारा चेंडू अडवायचा, हे त्यांचं कसब कोणत्याच आकडेवारीत दिसत नाही. बाकावरच्या मंडळींनी मात्र ते मला आवर्जून सांगितलं.

स्टीव्हन्सची स्वतःची कारागिरी यानंतर येते. तो यष्ट्यांच्या अगदी जवळून चेंडू सोडायचा, त्यामुळे सरळ राहिलेला चेंडूही यष्ट्यांवरच. क्रीजवर कधी वितभर आत, कधी वितभर बाहेर सरकून कोन बदलायचा. धाव आखूड, अंगाला झटका कमी, म्हणून सकाळच्या सत्रात सलग दहा-बारा षटकं टाकली तरी पाठ धरायची नाही. आणि स्वतः पंधरा वर्षं फलंदाजी केल्याने समोरच्याला कोणता चेंडू खेळावा की सोडावा कळणार नाही, ते त्याला पक्कं माहीत होतं. सोडलेल्या चेंडूवर त्रिफळा उडण्यासारखा अपमान फलंदाजाला दुसरा नाही. तो त्याने पुष्कळांचा केला.

बोर्डाने काढलेला तोडगा

हे सगळ्यांना आवडत होतं असं समजू नका. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाला ते मुळीच आवडत नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की हिरव्या खेळपट्ट्यांवर सत्तर मैलांचे गोलंदाज बळींच्या राशी घालतात, कर्णधार त्यांनाच चेंडू देतो, आणि खऱ्या वेगवान गोलंदाजांना आणि फिरकीपटूंना कामच उरत नाही. मग ऑस्ट्रेलियात किंवा भारतात गेलं की तोंड काळं होतं. म्हणून २०१६ पासून नवा नियम आला. पाहुण्या संघाला प्रथम क्षेत्ररक्षण करायचं असेल, तर नाणेफेकच नाही. ते थेट गोलंदाजी घेऊ शकतील. यजमानांनी गवत ठेवलं तर फायदा पाहुण्यांना, तेव्हा यजमान गवत काढतील, असा हिशोब.

हा नियम स्टीव्हन्सचं नाव घालून केला नव्हता. पण तो ज्या जातीचा गोलंदाज होता ती जात कमी करण्यासाठीच केला होता. नियम चार मोसम टिकला आणि २०२० मध्ये गुंडाळला गेला. त्यातल्या शेवटच्या मोसमात, म्हणजे २०१९ मध्ये, स्टीव्हन्सने पन्नासहून अधिक बळी घेतले, तेही पहिल्या श्रेणीत. यावर वेगळी टिप्पणी करायची गरज नाही.

बोर्डाचा मुद्दा मात्र खोटा नव्हता. २०२१-२२ च्या अॅशेसमध्ये इंग्लंडचा ४-० असा फडशा पडला, तेव्हा कौंटीतल्या मंद गोलंदाजांवर पुन्हा खापर फुटलं. २०२३ पासून काही फेऱ्या मुद्दाम कूकाबुरा चेंडूने खेळवल्या जाऊ लागल्या. कसोटी संघ तयार करणं हेच कौंटीचं काम असेल, तर स्टीव्हन्स हा त्या यंत्रातला बिघाड मानावा लागेल. आणि कौंटी क्रिकेट हे केंटच्या लोकांनी केंटमध्ये बघायचं क्रिकेट असेल, तर त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. इंग्लंडमधला सध्याचा सगळा वाद या दोन ‘असेल’मधला आहे.

वर्षाचा करार

कौंटी खेळाडूच्या आयुष्यात सर्वांत महत्त्वाचा महिना सप्टेंबर. पानं पिवळी पडू लागतात आणि कोणाचा करार पुढे चालू राहणार, कोणाचा नाही, ते समजतं. पूर्वी तर पगार उन्हाळ्यापुरताच मिळे. हिवाळ्यात कोणी कोळशाच्या गाड्या ओढायचा, कोणी दक्षिण आफ्रिकेत शिकवायला जायचा. यॉर्कशरचा विल्फ्रेड ऱ्होड्स हिवाळ्यात पतियाळाच्या महाराजांकडे यायचा आणि मुंबईच्या चौरंगी सामन्यांत युरोपियनांकडून खेळायचा. आता करार बारमाही असतात, पण मुदत छोटी.

म्हातारपणाची सोय म्हणून एक जुनी प्रथा आहे, ती म्हणजे बेनिफिट. दहाएक वर्षं निष्ठेने खेळलेल्या खेळाडूसाठी क्लब एक वर्ष जाहीर करतो. त्या वर्षात जेवणावळी, लिलाव, गोल्फचे सामने, मैदानात बादल्या फिरवून पैसे, असं सगळं त्याच्या नावाने होतं. गावच्या पैलवानासाठी जत्रेत वर्गणी काढावी तसा प्रकार. या पैशांवर कर लागतो का, हा प्रश्न थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता, आणि तो नेणारा खेळाडू केंटचाच. जेम्स सीमोर. १९२० मध्ये त्याच्या बेनिफिट सामन्यातून ९३९ पौंड १६ शिलिंग जमले, त्यातून त्याने शेत घेतलं, आणि आयकर खात्याने हात पुढे केला. १९२७ मध्ये निकाल सीमोरच्या बाजूने लागला. ही लोकांनी प्रेमाने दिलेली भेट आहे, पगार नव्हे, असं न्यायमूर्तींचं मत पडलं. तेव्हापासून नव्वद वर्षं बेनिफिट करमुक्त राहिलं. २०१७ पासून एक लाख पौंडांच्या वरच्या रकमेवर कर लागू झाला.

स्टीव्हन्सचे चाळिशीनंतरचे करार एकेका वर्षाचे असत. २०१९ च्या उन्हाळ्यात केंटने जाहीर केलं, की मोसमाअखेर त्याला मोकळं करण्यात येईल. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला असं सांगणं अन्यायाचं म्हणता येणार नाही. टी-ट्वेंटीच्या संघातही त्याला जागा नव्हती. त्या स्पर्धेपुरता तो डर्बीशरला उसना दिला गेला. तिथून परत आला आणि मोसमाच्या शेवटच्या सामन्यांत खेळत राहिला.

३९ वर ५

सप्टेंबर २०१९, हेडिंग्ली, प्रतिस्पर्धी यॉर्कशर. केंटची पहिल्या सकाळी ५ बाद ३९ अशी अवस्था. स्टीव्हन्स आणि कर्णधार सॅम बिलिंग्ज एकत्र आले. त्यांनी सहाव्या गड्यासाठी ३४६ धावा जोडल्या. केंटच्या इतिहासात त्या गड्यासाठी इतक्या धावा कधीच झाल्या नव्हत्या. बिलिंग्ज १३८ वर बाद झाला. स्टीव्हन्सने २३७ केल्या, २८ चौकार आणि ९ षटकार. त्याच्या कारकिर्दीतली ती सर्वोच्च खेळी. चौथ्या डावात यॉर्कशर पुन्हा फलंदाजीला आलं, तेव्हा त्याने २० धावांत ५ बळी घेतले आणि केंटने सामना ४३३ धावांनी जिंकला. धावांच्या हिशोबात यॉर्कशरने आजवर एवढा मार कधी खाल्ला नव्हता.

त्याच महिन्यात केंटने त्याला नवा करार दिला. पुढच्या वर्षी कोविडमुळे मोसम आखडला. त्या छोट्या बॉब विलिस चषकात पाच सामन्यांत त्याचे २९ बळी झाले. एप्रिल २०२१ मध्ये विस्डेन वार्षिकाने वर्षातले पाच क्रिकेटपटू निवडले, त्यात जेसन होल्डर आणि मोहम्मद रिझवान यांच्या शेजारी डॅरन स्टीव्हन्स हे नाव होतं. वय ४४. इतका वयस्क खेळाडू त्यांनी १९३३ नंतर निवडला नव्हता. १९३३ चा तो मानकरी ईवर्ट अॅस्टिल, तोही लेस्टरशरचाच. सी. के. नायडूंनी १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर ज्या एमसीसी संघाविरुद्ध ११ षटकार ठोकत १५३ धावा केल्या, त्या दौऱ्यावर हा अॅस्टिल आला होता.

कमिन्सची एक धाव

मी ज्या बाकावर बसलो होतो तिथल्या प्रत्येकाला सांगायची होती ती गोष्ट २१ मे २०२१ ची. प्रतिस्पर्धी ग्लॅमॉर्गन. केंट ८ बाद १२८. दहाव्या क्रमांकावर मिगेल कमिन्स आला, बार्बाडोसचा वेगवान गोलंदाज, बॅटीशी त्याचं फारसं सख्य नाही. समोर पंचेचाळीस वर्षांचा स्टीव्हन्स.

पुढे नवव्या गड्यासाठी १६६ धावांची भागीदारी झाली. त्यातल्या स्टीव्हन्सच्या १६०. कमिन्सची १. उरलेल्या ५ अवांतर.

तळाच्या फलंदाजाला लपवत खेळण्याचं एक शास्त्र आहे आणि ते वाटतं त्याहून अवघड आहे. पहिले चार चेंडू मोठे फटके मारायचे, पाचव्या किंवा सहाव्यावर एकेरी धाव चोरून पुन्हा फलंदाजीला यायचं. क्षेत्ररक्षण करणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. ते पहिल्या चार चेंडूंना सगळे सीमारेषेवर पांगतात आणि शेवटच्या दोनांना एकेरी रोखायला आत येतात. म्हणजे मोठा फटका मारायचा तेव्हा नऊ जण कडेला, आणि एक धाव हवी तेव्हा सगळे अंगावर. यातून वाट एकच: चेंडू सरळ मैदानाबाहेर घालवायचा. स्टीव्हन्सने १५ षटकार मारले. चौकारही १५. १४९ चेंडूंत १९०. कमिन्स २४ चेंडू खेळला. प्रत्येक चेंडू अडवल्यावर त्याला जी टाळी पडत होती तशी त्याला बळी घेतल्यावरही क्वचितच पडली असेल, असं बाकावरचे लोक सांगत होते. शतकी भागीदारीत एकाच फलंदाजाचा वाटा इतका मोठा असल्याचं दुसरं उदाहरण नोंदींत नाही.

दिवस तिथे संपला नाही. पॅड काढून त्याने चेंडू हातात घेतला आणि मार्नस लाबुशेनला ११ धावांवर पायचीत केलं. लाबुशेन तेव्हा जगातल्या पहिल्या चार-पाच कसोटी फलंदाजांत मोजला जात होता. कोविडमुळे प्रेक्षकांना बंद असलेली मैदानं त्याच आठवड्यात पुन्हा उघडली होती, त्यामुळे हे सगळं पाहायला माणसं हजर होती. नसती, तर हा लेख निम्मा झाला असता.

त्याच वर्षी सप्टेंबरात केंटने टी-ट्वेंटी स्पर्धा जिंकली. २००७ च्या विजेत्या संघातला स्टीव्हन्स २०२१ च्या संघातही होता.

शिवलकर आणि स्टीव्हन्स

हे सगळं ऐकत असताना मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर डोक्यातून जात नव्हते. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी, २० हून कमी सरासरीने, आणि कसोटी शून्य. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईला त्यांनी तमिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ गडी बाद केले होते. ते सत्तेचाळिसाव्या वर्षी मुंबईकडून पुन्हा मैदानात उतरले. मार्च २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा प्रत्येक मृत्युलेखात ‘बेदी असताना’ हे शब्द होते.

दोघांची तुलना गुणवत्तेवर करायची नाही. तिथे शिवलकर कितीतरी पुढे, आणि त्यांच्यावर खरोखरच अन्याय झाला. मला फरक दिसतो तो वेगळा. आपल्याकडे कसोटी न खेळलेला खेळाडू म्हटलं की आपण हळहळतो, जणू त्याची बाकीची वीस वर्षं प्रतीक्षालयात गेली. कँटरबरीच्या बाकावर स्टीव्हन्सबद्दल हळहळ मला कुठेच ऐकू आली नाही. तो इंग्लंडकडून खेळला नाही याची त्यांनी दखलच घेतलेली नव्हती. तो केंटकडून खेळला. त्यांच्या हिशोबात वाक्य तिथे पूर्ण होतं. रणजी सामन्याला मुंबईत रिकाम्या खुर्च्या असतात आणि तरीही रणजी खेळाडूला आपण बिचारा म्हणतो, यातली विसंगती मला तिथे बसून अधिक खुपली.

उरलेल्यांची स्पर्धा

२०२२ च्या मोसमात स्टीव्हन्सची पोटरी दुखावली आणि तो फार खेळला नाही. जुलैमध्ये केंटने पुन्हा जाहीर केलं, की हा त्याचा शेवटचा मोसम. या वेळी निर्णय फिरला नाही.

इंग्लंडात ऑगस्ट महिना आता ‘द हंड्रेड’ या शंभर चेंडूंच्या स्पर्धेचा आहे. आठ शहरी संघ, त्यात केंटचा एकही नाही. अठरा कौंट्यांचे चांगले खेळाडू तिकडे जातात. २०२५ मध्ये या संघांचे हिस्से विकले गेले आणि ओव्हलच्या संघात ४९ टक्के वाटा मुंबई इंडियन्सच्या मालकांनी घेतला, म्हणजे या गोष्टीत आता मुंबईचाही हात आहे. त्याच ऑगस्टमध्ये कौंट्यांची एकदिवसीय स्पर्धा चालते. ती खेळायला उरतात विशीच्या आतली पोरं, दुखापतीतून उठलेले आणि हंड्रेडने न विचारलेले म्हातारे.

३० ऑगस्ट २०२२ ला साउदम्प्टनमध्ये हॅम्पशरविरुद्ध उपांत्य सामना होता. केंटसमोर तीनशेच्या वरचं लक्ष्य. स्टीव्हन्स आठ महिन्यांवर आलेल्या सत्तेचाळिशीसह ६५ चेंडूंत नाबाद ८४ करून सामना जिंकून आत आला. १७ सप्टेंबरला ट्रेंट ब्रिजवर केंटने लँकशरला २१ धावांनी हरवून चषक घेतला. केंटचा खेळाडू म्हणून त्याचा प्रवास त्या चषकाबरोबर संपला.

दोन वर्षांनी, २०२४ च्या मोसमाअखेर, केंटचा संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्याला कारणं अनेक आहेत आणि एकटा स्टीव्हन्स ते टाळू शकला असता असं मी म्हणणार नाही. बोर्ड अधूनमधून चार दिवसांचे सामने कमी करण्याचे प्रस्ताव आणतं, सभासद ते हाणून पाडतात. मांडीवर शाल घेतलेले हे म्हातारे मतदानाला मात्र कडक निघतात.

इंग्लंडच्या निवड समितीने स्टीव्हन्सला घेतलं नाही यात त्यांचं काही चुकलं नाही, असं माझं मत झालं आहे. मेलबर्नला त्याला कोणी भीक घातली नसती. पण कँटरबरीला एप्रिलच्या सकाळी, ढगाखाली, ड्यूक्स चेंडू हातात असताना त्याच्यासमोर जगातला कोणताही फलंदाज सुखी नव्हता, हेही तितकंच खरं.

इंग्लंडला जाणं झालं तर लॉर्ड्सची सशुल्क सफर सगळेच करतात. एक दिवस काढून सेंट पँक्रसहून कँटरबरी वेस्टची जलद गाडी पकडा, तासाभरात पोचाल. कौंटीच्या सामन्याला तिकिटासाठी झुंबड नसते, हवी ती जागा मिळते. मे महिना असला तरी स्वेटर न्या, दोन न्या. आणि बसताना यष्ट्यांच्या रेषेत, गोलंदाजाच्या हाताच्या मागे बसा. तिथूनच चेंडू हललेला दिसतो.